बद्द

खिशात एक जुना रुपया ठेवतो मी,
जाडजूड, कडा झिजलेला.
चहाच्या टपरीवर कोणी घेत नाही तो, कामाला चालतो.
नवी नाणी पातळ. त्यांचा आवाज त्यांनाच ऐकू येत नसेल.

वेंगुर्ल्याच्या वरच्या सड्यावर आमचा हँगर
आणि आत नऊ आसनांचं एक विमान,
आसनं काढलेलं,
गरे काढून घेतलेल्या फणसासारखं.

बाबल चितारी सावंतवाडीचा. त्याचा आजा गंजिफा रंगवायचा.
हा अक्रोडाचं फळकूट अंगठ्यानं दाबत बसतो,
एका कप्प्याची रेघ दुसऱ्या कप्प्यात उतरली पाहिजे म्हणून,
आणि पुटपुटतो : लाखाचं लाकूड, जाडी पापडाची.
शेवंती केळुसकर सायीच्या रंगाचं कातडं शिवते.
जुन्या आसनांच्या फटीत तिला सापडलं :
एक मोती, औषधाच्या दोन गोळ्या,
कुणाचा तरी दुधाचा दात.
काडेपेटीत घालून वर विमानाचा नंबर लिहिला तिनं.
मोती मागायला माणूस आला.

मी शेपटीशी, शिडीवर.
टण टण टण टण,
बोटभर पुढं,
टण टण.

मी नऊ वर्षांचा असताना बाबांनी
माझा कान होडीच्या खालच्या फळीला लावला होता,
आणि पलीकडून मुठीनं ठोकलं होतं.
‘आयकलंस? लाकूड खोटा बोलना नाय.
आपणच मदी बोलताव.’

टण टण टण
बद्द.

थांबलो. डोळे मिटून पुन्हा.
बद्द. तळहाताएवढं.
सुकाणूच्या पोटात, रंगाखाली, कुठून तरी
खारं पाणी जाऊन बसलेलं.
मेणाच्या पेन्सिलीनं गोल काढला
(शिसपेन्सिल चालत नाही, तिचं शिसं धातूला खातं)
आणि खाली उतरलो.

मालकाचा सेक्रेटरी फार हळू बोलायचा.
मिठाईचा डबा आणला होता त्यानं.
वीस तारखेला उदयपूर, घरचं लग्न.
कातडं झालं, सोनेरी नळ झाले,
एवढा एक तळहात पुढच्या खेपेला नाही का बघता येणार?

सहीचा अधिकार इनास मेंडिसचा.
गुडघा धरून तो शिडी चढला,
वरून हात खाली केला : रुपया दे.
किती तरी वेळ वाजवत होता.
उतरला, चष्मा पुसला,
आणि वहीत तांबड्या शाईनं लिहिलं.
सेक्रेटरी काहीच बोलला नाही, फोन घेऊन उन्हात गेला.
मिठाई आम्ही खाल्ली.

आता सुकाणू खोक्यात बसून बंगळूरला गेलंय,
विमान बिनसुकाणूचं इथंच.
दर पंधरवड्याला गोड्या पाण्यानं धुतो त्याला,
कारण सड्यावरचं वारं दिसत नाही, पण चाटतं.
पाण्याचा टँकर आमच्याच वाडीवरून वर येतो.
मे महिन्यात त्याच्याकडे बायका कशा बघतात
ते मी बघत नाही.

घरी खळ्यात होडी पालथी, वर माडाचे झाप.
बाबा तिच्या सावलीला बसलेले.
‘सुकान काडून ठेवलास त्येचा?
मगे पुनवेक सोडतलास काय?’
कागद यायला हवा बंगळूरहून, मी ओरडून सांगतो.
कान गेलेत त्यांचे.
मान हलवतात, कशाला कोण जाणे.
मग हात पुढे करतात : रुपया.

झाप बाजूला सारून
खालच्या फळीवर मारतात,
एकदा, दोनदा,
आणि माझ्या तोंडाकडे बघत राहतात.

मी ऐकतो.
थोडा वेळ
मध्ये काही बोलत नाही.